निम्मे तिकीट

लिहिताना आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो, याला आमच्या घरातच हरकत आहे. "तुमे तो एकटे हो, फिर आम्ही कोण?" असा सवाल बेगमने एकदा कागद हातात धरून केला होता. आम्ही म्हणालो, ही मराठी लेखकांची जुनी रीत आहे. ती म्हणाली, "असंल. पर चाय एकच कप मिळंल."

तर आम्ही, म्हणजे एकच माणूस, गडहिंग्लजच्या बाजारपेठेत मिरचीच्या अडतीत पस्तीस वर्षे दिवाणजी होतो. नाकात मिरचीचा खकाणा आणि बोटाला शाई, असा संसार. दुकानाचे येणे वसूल करायला आम्हाला कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव आणि वर्षातून एकदा-दोनदा मुंबईच्या मशीद बंदरला जावे लागे. वसुली व्हायची तेवढी व्हायची. पाहणे मात्र भरपूर व्हायचे. परत आलो की रात्री जेवताना त्या गावची गोष्ट सांगायची हा आमच्या घरचा रिवाज. मुले लहान होती तेव्हा तोंडातला घास तोंडात ठेवून ऐकत. बेगम तव्यावरची भाकरी उलटता उलटता ऐके, आणि नेमक्या जागी विचारी, "पिछली बार तो तीन मजली बोले थे. आज चार कैसे हुए?"

आमच्या गोष्टींत मजले वाढायचे, ही गोष्ट खरी आहे. सांगणाऱ्याचा तेवढा हक्क असतो.

खेळ-तमाशे पाहायचा नाद आम्हाला तंबूतल्या सिनेमापासून लागला. काळभैरवाच्या यात्रेत पाळणे यायचे, मौत का कुआँ यायचा आणि टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. यंत्र एकच असल्यामुळे दर रिळानंतर अंधार व्हायचा आणि त्या अंधारात फुटाणे विकणाऱ्याचा आवाज फिरायचा. तंबू भरला की उरलेल्यांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवीत. तिथून हीरो डावखुरा दिसे आणि नावे उलटी. बाकीची पोरे कुरकुरत, आम्ही निवांत. सकाळी मौलवीसाहेबांकडे उजवीकडून डावीकडे वाचायची सवय, त्यामुळे आम्हाला वाटे की हा खेळ खास आमच्या मोहल्ल्यासाठी लावला आहे. 'शोले' मुंबईत १९७५ च्या १५ ऑगस्टला लागला. आमच्या यात्रेत तो आला तेव्हा त्याची पट्टी इतकी झिजली होती की गब्बर पावसातच उभा आहे असे वाटे. कितीतरी वर्षांनी टीव्हीवर तो कोरड्या उन्हात पाहिला तेव्हा आम्हाला मुळीच आवडला नाही.

हे बेगमला ठाऊक आहे ते आमच्या तोंडून. ती आजऱ्याची. तिच्या माहेरी मुलींनी तंबूत जायचे नाही असा दंडक होता, आणि लग्नानंतर आमच्याकडे वेगळा दंडक होता असे नाही. पडदा तिच्या वाट्याला आला तो टीव्हीचा. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही एका किराणा दुकानदाराकडे आला. छपरावर अँटेना, अँटेनापाशी एक पोरगा आणि खाली साठ माणसे. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" हा संवाद 'महाभारता'तल्या कोणत्याही संवादापेक्षा जास्त वेळा झाला असेल. रविवारी सकाळी आमच्या मोहल्ल्यातल्या बाया लवकर स्वयंपाक उरकून तिथे जाऊन बसत. १९८८ ते १९९० अशी ती मालिका चालली. तिची पटकथा आणि संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे, हे आम्ही कोल्हापुरात एका वर्तमानपत्रात वाचून आलो आणि रात्री घरी सांगितले. बेगमच्या चेहऱ्यावर त्या रात्री जो आनंद दिसला तो आमच्या कोणत्याही चौमजली इमारतीने दिला नव्हता. पुढच्या रविवारी तिने तो किस्सा सगळ्या बायकांना सांगितला. आमचे नाव न घेता, अर्थात.

आमच्या गोष्टींत दोन ठिकाणे वारंवार येत. एक कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेले ते पॅलेस थिएटर. पुढे कोल्हापूरच्या थोर गायकनटाचे नाव त्याला मिळाले. वसुलीला उशीर झाला आणि शेवटची गाडी चुकली, की आम्ही तिथे मागच्या रांगेत. गाडी का चुकली हे घरी कोणी फार खोलात विचारले नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मोबाइलवर ज्वाळा पाहताना बेगम हळूच म्हणाली, "येच ना वो, लाकडी रंगमंचवाला?" तिने ते कधी पाहिले नव्हते, पण कुठली खुर्ची करकरते हे तिला माहीत होते. आम्हीच सांगितले होते.

दुसरे ठिकाण मिरज. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाण्याची बैठक बसते. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची ही मिरज. १९३७ साली ते मद्रासहून पाँडेचेरीकडे निघाले असताना वाटेत तब्येत बिघडली, एका लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच अल्लाहला प्यारे झाले. दफन मात्र मिरजेत, याच दर्ग्याच्या आवारात. दर्ग्यातले गाणे-बजावणे काही वाचकांना रुचत नाही हे आम्ही जाणतो, आणि त्या वादात इथे शिरत नाही. आम्ही फक्त एवढे सांगू की, पहाटेच्या थंडीत घोंगडी पांघरून ऐकणारे शेतकरी, डॉक्टर, हमाल आणि सतारीचे भोपळे कोरणारे कारागीर एकाच जाजमावर आम्ही तिथे पाहिले.

आता प्रवासाचे. गडहिंग्लजला रेल्वे नाही. मिरची गेली, गूळ गेला, शेंगा गेल्या, सगळे ट्रकने; माणसे एसटीने. शिवाय आमच्या गावाची एक मौज परगावच्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, कोल्हापूरला, महामार्गाने जायचे तर आधी परराज्यात जावे लागते. संकेश्वर कर्नाटकात, निपाणी कर्नाटकात, मग कागलला पुन्हा महाराष्ट्र. खिडकीबाहेरच्या पाट्या मराठीतून कानडीत जातात आणि कानडीतून मराठीत येतात. गाडीतला शेंगा सोलणारा माणूस मात्र तोच असतो. लहान मुलांना आम्ही सांगत असू की अब्बा आज परदेशातून जाऊन आले.

राहता राहिल्या घरच्या सोयी. त्यासुद्धा आमच्या फिरतीतूनच आल्या. दर वर्षी उन्हाळ्यात चटणीचा घाट असायचा. मिरच्या निवडायच्या, वाळवायच्या, भाजायच्या आणि उखळात कुटायच्या. आठ दिवस घरातली प्रत्येक बाई शिंकत असे. मग डंक आला आणि तासाभरात डबा भरून घरी येऊ लागला. पाट्यावरचे वाटण मिक्सरमध्ये गेले. तो मिक्सर आम्ही कोल्हापूरहून मांडीवर घेऊन आलो होतो, कारण टपावर टाकायचा धीर झाला नाही. चूल जाऊन गॅस आला. हिरण्यकेशीवर जाणारे धुणे आधी अंगणातल्या नळाखाली आले, मग यंत्रात गेले. प्रत्येक सोय आली की आम्ही विचारायचो, "कशी आहे?" ती म्हणायची, "अच्छी है." आणि तिथेच उभी असायची, जिथे आधी होती. या साऱ्या सोयी घरात राहूनच वापरायच्या होत्या. दळण-कांडणाचे तास वाचले, पण ते तास घेऊन जायचे कुठे?

खरे सांगायचे तर आमच्याकडे बाईच्या प्रवासाला तीन गोष्टी लागत: निमित्त, सोबत आणि भाडे. निमित्त म्हणजे ईद, लग्न किंवा मयत. सोबत म्हणजे आम्ही, आणि आम्हाला सवड म्हणजे अडत बंद असेल तेव्हा. भाडे दोघांचे. आजरा आमच्यापासून फार लांब नाही. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येते. पण या तीन गोष्टी जुळून बेगम माहेरी जायची ती वर्षातून दोनदा. सासूबाईंसाठी चटणीचा डबा मात्र दर महिन्याला जाई. डब्याला तिकीट लागत नाही; ओळखीच्या कंडक्टरकडे दिला की पोहोचतो.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाले. सरकारने योजनेला 'महिला सन्मान' असे भारदस्त नाव दिले, पण स्टँडवर तिला सगळे निम्मे तिकीटच म्हणतात. पहिल्यांदा बेगम आमच्यासोबतच होती. कंडक्टरने यंत्रातून दोन तिकिटे काढली; एक आमचे आणि एक त्याच्या निम्मे. तिने ते तिकीट उन्हात धरून पाहिले आणि कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, हे पोराचं दिलंय." तो म्हणाला, "मावशी, आजपास्नं तुम्ही पोरच." गाडी हसली. ते तिकीट तिने घरी येऊन रेशन कार्डाच्या डब्यात ठेवले. त्या कागदावरची शाई टिकत नाही. चार महिन्यांत अक्षरे उडून तो कोरा झाला, तरी तो डब्यात आहे.

नंतर पंधरवड्याने तिने हिशेब मांडला. आमची बेगम चौथी शिकलेली. पण मिरचीच्या अडतीत आम्ही पस्तीस वर्षांत असा हिशेब पाहिला नाही. सासूबाईंचे वय पंचाहत्तरच्या पुढे. त्या वयाला एसटी २०२२ पासून मोफतच आहे. बेगमला निम्मे. आम्हाला पुरे, कारण पुरुषाला निम्मे तिकीट पासष्टीनंतर, आणि आमच्या पासष्टीला अजून तीन वर्षे होती. "तुमारे एक टिकट में मै जाको आती," ती म्हणाली. जाताना निम्मे, येताना निम्मे, मिळून एक. म्हणजे ज्या पैशात आम्ही नुसते पोहोचणार, त्याच पैशात ती जाऊन परत येणार. "और मा को लेको आयी, तो भी उतनाच." सोबत म्हणून आमची किंमत कधी काढली गेली नव्हती. ती त्या दिवशी निघाली.

तेव्हापासून ती दर दुसऱ्या गुरुवारी आजऱ्याला जाते. सकाळच्या गाडीने गेली की संध्याकाळी मगरिबच्या आत घरी.

यावर बोलणे झाले नाही असे नाही. चहाच्या गाड्यावर आमचे समवयस्क म्हणू लागले की बायकांनी गाड्या भरून टाकल्या, जागा मिळत नाही, उगाच फिरतात. आम्ही विचारले, उगाच म्हणजे काय? आपण चाळीस वर्षे ज्या गाड्यांत बसलो त्यांतल्या किती फेऱ्या कामाच्या होत्या? यावर एकाने चहा संपवला. एका बुजुर्गांनी मात्र कळकळीने बेगमलाच विचारले, "बेटी, साथ कोई रहता क्या?" त्यांच्या विचारण्यात खोट नव्हती, हा प्रश्न आपल्या घरांत पडतोच. बेगमने पदर सारखा केला आणि अदबीने म्हणाली, "अल्लाह है, चाचा. और गाडी में पचास लोगां हैं." चाचांनी दुआ दिली.

संकेश्वरला आमची मेहुणी असते. तिथे ११ जून २०२३ पासून कर्नाटकची शक्ती योजना. बायकांना राज्याच्या साध्या गाड्यांत तिकीटच नाही. म्हणजे तिकीट असते, पण शून्याचे. मेहुणी त्या शून्याच्या तिकिटावर बेळगाव, हुबळी फिरून आली आणि बहिणीला फोनवर चिडवू लागली, "तुमारे में आधा, हमारे में पुरा माफ." सीमाप्रश्नावर आम्ही तरुणपणापासून पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. पण दोन सख्ख्या बहिणींनी आपापल्या राज्याची बाजू घेऊन असे भांडताना पहिल्यांदाच ऐकले. शेवटी बेगम म्हणाली, "तुमारा फुकट कागल तक भी नै चलता. मेरा आधा नागपूर तक चलता." फोन तिकडून बंद झाला.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंच्या डोळ्यांचे निघाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलेला. अशा वयाच्या बाईला कोण नेणार, कुठे नेणार, म्हणून ते वर्षानुवर्षे "बघू" वर चाललेले. बेगमने दोन गुरुवार जाऊन पाहिले की अम्मा भाकरीचे ताट हाताने चाचपडत शोधते. तिसऱ्या गुरुवारी तिने ठरवले: मिरज. मिरज हे आमच्या मुलखाचे दवाखान्यांचे गाव, आणि तिथे तिचा मामेभाऊ राहतो. आम्ही पिशवी भरायला घेतली. ती म्हणाली, "तुमे घर देखो." आम्ही म्हणालो, मिरज आम्हाला पाठ आहे, स्टँडपासून दर्ग्यापर्यंत. ती म्हणाली, "मेरे कू भी पाठ है. तीस साल से सुनती."

दोघी आजऱ्याहून उत्तूर, मुदाळ तिट्टामार्गे कोल्हापूरला आणि तिथून मिरजेला गेल्या. एक फुकट, एक निम्मी. आम्ही चार दिवस घरी. गॅस, मिक्सर, कपड्यांचे यंत्र या सर्व सोयींची त्या चार दिवसांत आमच्याशी प्रथमच जवळून ओळख झाली. यंत्राला सात बटणे आहेत. आम्ही फक्त एक दाबले आणि ते अजून आम्हाला मानते आहे.

पाचव्या दिवशी रात्री ती आली. आम्ही खिचडी वाढली आणि ती सांगू लागली.

तिची सांगायची तऱ्हा आमच्यासारखी नाही. मजले वाढत नाहीत. कोण कुठे बसले, कोणाच्या पिशवीत काय होते, जयसिंगपूरला चढलेल्या बाईची सून कितव्या महिन्याची, सगळे जसेच्या तसे. ऑपरेशन पाऊण तासात झाले, टाका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटे दाखवून विचारले, किती? अम्माने बोटांकडे पाहिलेच नाही. ती डॉक्टरांच्या मागे उभ्या असलेल्या लेकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तेरे बाल कब सफेद हुए गे?"

हे सांगताना बेगम हसली. मग पाणी प्यायली. आम्ही ताटातली खिचडी सारखी करत बसलो.

"फिर?" आम्ही थोड्या वेळाने विचारले.

मग दर्ग्यात जाऊन आल्या. काळा चष्मा लावून अम्माने फातेहा दिली. आणि परत येताना अम्माने हट्ट धरला की आगगाडीने जायचे. ऐंशीला आलेली बाई, आजऱ्यात जन्म, आजऱ्यात लग्न. आगगाडीत कधी बसलेली नाही. मिरजेहून कोल्हापूर रेल्वेने पन्नास किलोमीटरच्या आत. बेगमने स्वतः खिडकीवर जाऊन तिकिटे काढली. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे, त्यामुळे अम्माचेही पुरे तिकीट पडले. "मेरे कू पैसे?" अम्मा स्टेशनवर रागावली, "एसटी वाले तो नै लेते." मग तिला खिडकीजवळची जागा मिळाली आणि राग गेला. हातकणंगले, रुकडी अशी स्टेशने जात होती. बोर्डावरची अक्षरे अम्माला वाचता येत नाहीत, पण अक्षरे आहेत हे दिसत होते, आणि ती प्रत्येक बोर्डाला बोट दाखवून "ये क्या लिखेले?" विचारत होती. रुकडीच्या पुढे पंचगंगेच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला तेव्हा तिने लेकीचा हात घट्ट धरला आणि खाली पाणी बघितले.

इथे आम्ही आमची महालक्ष्मी एक्स्प्रेसची गोष्ट मध्ये घालू पाहिली. रात्री पुणे गेल्यावर घाटात गाडीला... "रुको जरा," ती म्हणाली, "मेरा गूळ मार्केट का स्टेशन राह्या है."

तिचे गूळ मार्केट, कोल्हापूर, स्टँड, आजरा असे सगळे होईपर्यंत साडेअकरा झाले.

आता डाव्या डोळ्याचे व्हायचे आहे. ते झाले की अम्माला समुद्र बघायचा आहे, असे ठरले आहे. दोन्ही बहिणी अम्माला घेऊन कोल्हापूरहून रात्रीच्या रेल्वेने मुंबईला जाणार, मामेभाऊ मिरजेत चढणार. हाजी अलीला जायचे हे पहिले. बेगमने काल आम्हाला विचारले, "भरती के टाइम को दर्गे का रस्ता पानी में जाता बोले थे तुमे. वो खरं है, की मजला वाढवल्याले?"

खरं आहे, आम्ही म्हणालो. तिने कॅलेंडर काढून आमच्यासमोर ठेवले, की मागच्या पानावरच्या भरतीच्या वेळा बघून द्या. आम्ही चष्मा लावला आणि विचारले, चार तिकिटे काढायची की पाच?

"तुमारा तुमे निकालो," ती म्हणाली. "रेलवे में सबका पुराच है."